सगळे नियम पाठ, तरी व्याकरणातच मार्क का जात होते: सॅटच्या तयारीचं एक प्रकरण

हे प्रकरण एका बारावीतल्या मुलीचं आहे, नाव-गाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिला सॅट द्यायची होती, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेशासाठी कॉलेज बोर्ड जी परीक्षा घेतं ती. सातवीपर्यंत मराठी माध्यम, आठवीपासून इंग्रजी, आणि शाळेत इंग्रजी व्याकरणात हिचे मार्क कधी गेलेच नाहीत असं तिची आई फोनवर मला परत परत सांगत होती. तक्रार अशी की सराव परीक्षेत गणित छान, उतारे वाचून उत्तरं देणं ठीकठाक, आणि ज्या व्याकरणावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली तिथेच दर वेळी चार-पाच प्रश्न चुकायचे, तेही दर वेळी वेगळे. "ताई, अजून एखादं जाडजूड पुस्तक सांगा, ती सगळं सोडवेल, मेहनतीला कमी नाही ती." मेहनतीला खरंच कमी नव्हती, आणि खरी अडचण तीच होती, पण ते नंतर.

परीक्षेचं स्वरूप आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. भारतासारख्या बाहेरच्या देशांत मार्च 2023 पासून आणि अमेरिकेत मार्च 2024 पासून सॅट पूर्ण डिजिटल झाली. वाचन-लेखन विभागात 54 प्रश्न, 27-27 चे दोन मॉड्यूल म्हणजे भाग, प्रत्येकाला 32 मिनिटं. प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा छोटासा उतारा, 25 ते 150 शब्दांचा. पहिलं मॉड्यूल कसं गेलं त्यावर दुसरं सोपं येणार की अवघड हे ठरतं. यात निव्वळ व्याकरण आणि विरामचिन्हांचे 11 ते 15 प्रश्न असतात, आणि त्याला लागूनच वाक्यं जोडणारे शब्द निवडणं, दिलेल्या मुद्द्यांवरून योग्य वाक्य निवडणं असे अजून 8 ते 12. म्हणजे धरून चाला जवळपास निम्मा विभाग. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, ती पद्धत 2016 मध्येच बंद झाली, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आता तिची वही. वही बघून कोणीही खूश होईल, चार रंगांची पेनं, आर्टिकल्सचे नियम, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह, डायरेक्ट-इनडायरेक्ट, क्वेश्चन टॅग, 'नो सूनर' नंतर 'दॅन' येतं आणि 'हार्डली' नंतर 'व्हेन' येतं, पाच-सहाशे इडियम्स, आणि कुणा नातेवाइकाकडून आलेलं जुनं सॅटचं पुस्तक, ज्यात अधोरेखित चार भागांपैकी चूक कुठे ते ओळखा अशा प्रकारचे प्रश्न. तो प्रकार 2016 च्या आधीच्या परीक्षेतला, आता येतच नाही. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा असं सॅट कधी विचारत नाही, इडियमचा अर्थ विचारत नाही, क्वेश्चन टॅग तर नाहीच नाही. म्हणजे ही मुलगी कितीतरी महिने मनापासून अशा गोष्टी घोटत होती ज्यांचा पेपरशी काही संबंध नव्हता. आणि पेपर जे विचारतो, की कॉमा, सेमिकोलन, कोलन आणि डॅश नक्की कुठे चालतात आणि कुठे नाही, त्यासाठी वहीत अर्धं पान होतं. त्या अर्ध्या पानावर लिहिलेलं काय, तर 'कॉमा म्हणजे थोडं थांबायचं, सेमिकोलन म्हणजे जरा जास्त थांबायचं, फुलस्टॉप म्हणजे पूर्ण थांबायचं'.

हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या वहीत होतं. प्राथमिक शाळेत प्रकट वाचन घेताना बाई हेच शिकवतात आणि प्रकट वाचनापुरतं ते बरोबरही आहे. पण या परीक्षेत विरामचिन्ह म्हणजे श्वास घ्यायची जागा धरून चाललं की संपलंच, कारण प्रश्न काढणाऱ्यांना नेमकं माहीत असतं की माणूस कुठे श्वास घेतो, आणि चुकीचा कॉमा ते बरोबर तिथेच ठेवतात.

एक उदाहरण देते, वाक्य माझंच आहे: 'द आयडिया दॅट अ सिंगल जीन कंट्रोल्स ह्यूमन हाइट इज टू सिंपल'. हे मोठ्याने वाचा, 'हाइट' नंतर आपोआप थांबल्यासारखं होतं, इतका लांब कर्ता झाल्यावर दम लागणारच. तिनेही तिथे कॉमा असलेला पर्याय निवडला होता. पण 'द आयडिया' पासून 'हाइट' पर्यंत सगळा एकच कर्ता आहे आणि 'इज' हे त्याचं क्रियापद, आणि कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा कॉमा कधीच येत नाही, कर्ता कितीही लांब असो. एकटा हा शब्द महत्त्वाचा, कारण मध्ये काही जास्तीची माहिती घुसवली तर तिच्या दोन्ही बाजूंना कॉमा येतात, ती गोष्ट वेगळी.

पहिल्या तासाला मी तिला नवीन काहीच सोडवायला दिलं नाही. आधीच्या सराव परीक्षेतले व्याकरणाचे प्रश्न काढले, बरोबर आलेले आणि चुकलेले दोन्ही, आणि प्रत्येकाला एकच विचारलं की हे उत्तर का. चुकलेल्यांवर तिने आधीच शेरे मारून ठेवले होते, जवळजवळ सगळीकडे 'सिली मिस्टेक'. आणि बरोबर आलेल्यांवर मी कारण विचारलं तर निम्म्याहून जास्त ठिकाणी उत्तर आलं, "मॅडम, वाचल्यावर बरोबर वाटलं." एवढी रंगीत वही, एवढे नियम पाठ, आणि ऐन पेपरात नियमांपैकी एकही वापरला जात नव्हता, सगळं काम कान करत होता. म्हणूनच दर वेळी वेगळे प्रश्न चुकत होते, कारण कानावर चाललं की कधी लागतं कधी हुकतं, त्यात ठरावीक असं काही नसतं आणि मग चुका तपासून कच्चा भाग कुठला हेही सापडत नाही. अजून शंभर पेपर सोडवले असते तरी कान तोच राहिला असता.

मेहनत हीच अडचण होती म्हणाले ते यासाठी. रोज एक सेट सोडवायचा, मार्क मोजायचे, चुकलेल्यांचं स्पष्टीकरण वाचायचं, 'अरे हो, हे तर मला येतं' म्हणायचं आणि पुढचा सेट उघडायचा. स्पष्टीकरण वाचताना सगळ्यांनाच येत असतं हो.

तर पहिला बदल असा केला की 'सिली मिस्टेक' हे शब्द बंद. दुसरा, जो तिला अजिबात आवडला नाही, तो म्हणजे बरोबर आलेल्या उत्तराचं कारण जर 'बरोबर वाटलं' असेल तर तो प्रश्न चुकला असं धरायचं. या हिशोबाने तिचा स्कोअर कागदावर एकदम कोसळला आणि ती रडवेली झाली, आईचाही मेसेज आला की आधी बरं चाललं होतं. यावर माझं मत पक्कं आहे, सरावात मिळालेला फुकटचा मार्क हा सगळ्यात महाग पडतो, कारण तो कच्चा भाग झाकून ठेवतो.

मग कानाला बाजूला ठेवायचं म्हणजे नक्की करायचं काय. उतारा वाचायच्या आधी चार पर्याय बघायचे. पर्याय बघितले की प्रश्न कशावर आहे ते उघडं पडतं. चारही पर्यायांत शब्द तेच आणि फक्त चिन्हं वेगळी, तर प्रश्न वाक्याच्या हद्दीचा आहे, एक वाक्य कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं याचा. क्रियापदाची रूपं वेगळी, तर एकवचन-अनेकवचन बघायचं, मग काळ, आणि मुळात वाक्याला मुख्य क्रियापद आहे का तेही. ॲपॉस्ट्रॉफी इकडे-तिकडे, तर मालकी की अनेकवचन. पूर्ण वाक्यंच्या वाक्यं पर्यायात आणि रिकाम्या जागेच्या आधी कॉमापाशी संपणारा एक तुकडा, तर तो तुकडा कोणाबद्दल आहे. एवढं कळल्यावर उतारा वाचायचा, आणि वाचायचा तो शोधत वाचायचा.

हद्दीच्या प्रश्नांवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, 'होता', 'गेली', 'आहे' आलं की वाक्य संपलं हे न सांगता कळतं, आणि मराठीत आपण 'तो आला, बसला, कोणाशी बोलला नाही, उठून गेला' असं कॉमा टाकत बिनधास्त लिहितो आणि ते वाचायलाही चांगलं लागतं. इंग्रजीत क्रियापद सुरुवातीलाच येऊन जातं, मागे शेपूट कितीही लांब असू शकतं, त्यामुळे वाक्य कुठे संपलं याची खूण कानाला मिळतच नाही. म्हणून तिला लावलेली सवय अशी की चिन्हाच्या डाव्या बाजूला स्वतंत्र उभं राहील असं पूर्ण वाक्य आहे का आणि उजव्या बाजूला आहे का, एवढंच तपासायचं. दोन्हीकडे पूर्ण वाक्य असेल तर मध्ये नुसता कॉमा चालत नाही. फुलस्टॉप चालतो, सेमिकोलन चालतो, किंवा कॉमा आणि त्याच्यापुढे 'अँड', 'बट', 'सो' वगैरे. एका बाजूला अर्धवट तुकडा असेल तर फुलस्टॉप आणि साधा सेमिकोलन दोन्ही बाद, फक्त आधीच कॉमा असलेल्या लांब नावांच्या यादीत सेमिकोलन येतो तेवढा अपवाद. कोलनच्या डाव्या बाजूला पूर्ण वाक्य लागतंच, उजवीकडे काहीही येऊ दे, यादी, एक शब्द, पूर्ण वाक्य. 'शी स्टडीड' म्हणून लगेच कोलन आणि पुढे ग्रहांची नावं हे चूक, 'शी स्टडीड थ्री प्लॅनेट्स' नंतर कोलन हे बरोबर. डॅशने उघडलेली मधली माहिती डॅशनेच बंद होते, कॉमाने उघडलेली कॉमानेच.

यातून एक फायदा तिच्या लगेच लक्षात आला, मी सांगायच्या आधीच: चार पर्यायांत तेच शब्द आणि एकात फुलस्टॉप, दुसऱ्यात सेमिकोलन, तर दोन्ही एकाच वेळी बाद करता येतात, कारण एक बरोबर असेल तर दुसराही बरोबर ठरेल, आणि बरोबर उत्तर तर एकच असतं. तशीच गंमत 'द कलेक्शन ऑफ लेटर्स रिटन बाय द एक्सप्लोरर्स' च्या पुढे 'आर', 'वेअर', 'हॅव बीन' आणि 'इज' असे पर्याय आल्यावर. तीन अनेकवचनी आणि एक एकवचनी, म्हणजे पर्यायांकडे नुसतं बघूनच डोळे एकवचनी कर्ता शोधायला लागतात, आणि तो 'कलेक्शन' आहे, 'लेटर्स' नाही आणि 'एक्सप्लोरर्स' तर नाहीच. पण नुसत्या या युक्तीवर पेपर सोडवू नका, मी तिला ती फक्त पडताळ्यासाठी वापरू दिली, कारण सांगता आलं पाहिजे ही अट तिथेही होतीच.

'हाऊएव्हर' वर आम्ही अडकलो आणि बराच वेळ अडकून राहिलो. तिच्या डोक्यात 'हाऊएव्हर' म्हणजे 'बट' चा मोठा भाऊ, त्यामुळे 'द टीम रिपीटेड द एक्सपेरिमेंट, हाऊएव्हर, द रिझल्ट्स डिफर्ड' हे तिला एकदम सुटसुटीत वाटायचं. 'हाऊएव्हर' दोन वाक्यं जोडू शकत नाही, ते काम 'बट' चं, म्हणून इथे 'हाऊएव्हर' च्या आधी सेमिकोलन किंवा फुलस्टॉप हवा. इथपर्यंत ती आली. पण अवघड मॉड्यूलमध्ये याचा पुढचा प्रकार येतो, जिथे सेमिकोलन 'हाऊएव्हर' च्या आधी आहे की नंतर एवढाच फरक असतो, आणि व्याकरणाने दोन्ही चालतात. समजा आधीचं वाक्य असं की संशोधकांना पहिल्या नमुन्यात पाणी सापडेल अशी खात्री होती. पुढचं वाक्य, 'द फर्स्ट सॅम्पल वॉज ड्राय, हाऊएव्हर; द सेकंड हॅड नॉट येट बीन ओपन्ड'. इथे विरोध कुठे आहे? अपेक्षा आणि कोरडा निघालेला नमुना यांच्यात, म्हणजे मागच्या वाक्याशी. पहिला कोरडा आणि दुसरा अजून उघडलेला नाही यांच्यात विरोध काही नाही. म्हणून 'हाऊएव्हर' पहिल्या अर्ध्यात राहतो आणि सेमिकोलन त्याच्या नंतर. हा प्रश्न दिसतो चिन्हाचा पण आहे अर्थाचा, आणि असे प्रश्न मला स्वतःला फार आवडतात, तिला मात्र शेवटपर्यंत नाही आवडले.

आता मातृभाषेचा मुद्दा, कारण आईचं ठाम मत होतं की मराठी माध्यमामुळे हे सगळं होतंय. मला हे अर्धवट पटतं. 'कलेक्शन ऑफ लेटर्स आर' ही चूक जन्मापासून इंग्रजी बोलणारेही करतात, जवळचं नाम बघून क्रियापद लावतात, आणि परीक्षा मुळात त्यांच्यासाठीच काढलेली आहे, तेव्हा ती चूक मराठीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ॲपॉस्ट्रॉफी असलेलं 'इट्स' आणि नसलेलं 'इट्स' उच्चाराला सारखंच, त्यात कोणाचाच कान उपयोगी पडत नाही.

पण दोन-तीन जागा अशा होत्या जिथे मराठी खरंच आड येत होती आणि त्या ओळखता आल्या याचा फायदा झाला. एक मालकीची. मराठीत 'चा-ची-चे' हे ज्याची वस्तू त्याच्यावर ठरत नाहीत, वस्तूवर ठरतात, मुलाची वही, मुलाच्या वह्या. ही मुलगी इंग्रजीतही वस्तूकडे बघून ॲपॉस्ट्रॉफी ठेवायची, वह्या अनेक म्हणून 'एस' च्या नंतर. इंग्रजी ॲपॉस्ट्रॉफीला वस्तू एक की अनेक याच्याशी काही देणंघेणं नाही, मालक एक की अनेक एवढंच. हे एकदा असं समोर ठेवल्यावर तो प्रकार जवळजवळ लगेच मिटला.

दुसरी जागा जास्त खोल होती. 'वॉकिंग इन्टू द लॅब, द मायक्रोस्कोप कॉट हर आय'. तिला यात काहीच खटकत नव्हतं, आणि का खटकावं, आपण 'लॅबमध्ये शिरताना मायक्रोस्कोप दिसला' असं म्हणतोच की, 'मी घरी आल्यावर पाऊस सुरू झाला' म्हणतो, घरी येणारा वेगळा आणि सुरू होणारा वेगळा, मराठीला चालतं. इंग्रजीत सुरुवातीचा तो 'वॉकिंग' वाला तुकडा कॉमाच्या लगेच पुढच्या नामाला चिकटतो, म्हणजे वरच्या वाक्यात मायक्रोस्कोपच चालत लॅबमध्ये आला. तिला सांगितलं की असा तुकडा दिसला की थांब, कोण चालतंय ते विचार, आणि कॉमाच्या पुढे तोच माणूस नसेल तर तो पर्याय खोड, पुढचं वाचूच नकोस. यात अजून एक खाच असते, पर्याय 'हर आय वॉज कॉट' असा असतो आणि घाईत 'हर' दिसलं म्हणून पोरं खूश होतात, पण तिथे नाम 'आय' आहे, चालत आलेला डोळा. हा प्रकार लक्षात आल्यावर तिला हसायला आलं आणि मग तो कधी चुकला नाही.

नावांभोवतीचे कॉमा हाही असाच एक. 'द केमिस्ट मेरी क्युरी डिस्कव्हर्ड पोलोनियम इन 1898', तिने नावाच्या दोन्ही बाजूंना कॉमा घातले, कारण शाळेत शिकवलेलं की नाव ही जास्तीची माहिती. नाव काढून वाच म्हटलं, 'द केमिस्ट डिस्कव्हर्ड पोलोनियम', आता कोण केमिस्ट? आधी कुणाचा उल्लेख नाही, म्हणजे नाव गरजेचं, कॉमा नकोत. बाकी पिएर क्युरीही त्या शोधात बरोबरीने होता, त्यामुळे वाक्य व्याकरणाने ठीक असलं तरी जरा अन्याय करणारं आहे.

तीन आठवडे झाले असतील, आणि मधल्या काळात तिचं सगळं बिघडलं. वेग अर्ध्यावर आला, मॉड्यूल संपायच्या आत घड्याळ संपायला लागलं, आणि वर भलत्याच ठिकाणी चुका दिसायला लागल्या, साध्या सरळ बरोबर वाक्यातही तिला काहीतरी गडबड वाटायची आणि बदलून टाकायची. हे होतं, आणि इथेच बरेच जण सोडून देतात आणि परत कानाकडे जातात. आम्ही घड्याळ काही दिवस बंदच ठेवलं. पूर्ण पेपर बंद, कॉलेज बोर्डाच्या क्वेश्चन बँकेतून एकाच प्रकारचे प्रश्न काढायचे, ती फुकट आहे, प्रकार आणि अवघडपणा निवडून प्रश्न काढता येतात, आणि अधिकृत सराव पेपरांत आलेले प्रश्न वगळायचीही सोय आहे, म्हणजे ते पेपर शेवटी खऱ्या अंदाजासाठी कोरे राहतात. रोज थोडेच प्रश्न, आणि प्रत्येकाखाली एक ओळ: काय तपासलं होतं, माझा पर्याय मला का आवडला, आणि वाक्यातला कुठला शब्द त्याला पाडतो. ही मधली गोष्ट, मला का आवडला, सगळे टाळतात आणि खरी माहिती तिथेच असते. तिच्या ओळी वाचून चार दिवसांत दिसलं की ती 'हॅड' असलेला पर्याय दिसला की खेचली जाते. शाळेत दोन भूतकाळातल्या घटनांपैकी आधीच्याला 'हॅड' लावा हे एवढं घटवून घेतलेलं की आजूबाजूची सगळी क्रियापदं साध्या भूतकाळात असली तरी ती 'हॅड' वाला पर्याय घ्यायची, तो जास्त शिकलेला वाटतो म्हणे. हे कुठल्याही स्पष्टीकरणात लिहिलेलं नसतं, कारण ते तिचं वैयक्तिक होतं.

वेळेचं गणित नंतर सोपं झालं. 32 मिनिटांत 27 प्रश्न म्हणजे एकाला सरासरी 71 सेकंद. व्याकरणाचा प्रश्न, कारण ठाऊक असेल तर, अर्ध्या मिनिटात होतो. मॉड्यूलमध्ये आधी शब्दार्थ आणि उताऱ्यांचे प्रश्न येतात, मग व्याकरण, मग वाक्यं जोडणाऱ्या शब्दांचे आणि मुद्द्यांचे, पण ब्लूबुक ॲपमध्ये, म्हणजे ज्यावर ही परीक्षा द्यायची असते त्यात, मॉड्यूलच्या आत कुठेही उडी मारता येते. तिला मी व्याकरण आधी करायला लावलं, ताज्या डोक्याने, आणि वाचलेला वेळ उताऱ्यांना. सगळ्यांना हे मानवेल असं नाही, काहींचं लक्ष उड्या मारण्यात मोडतं, तिला मानवलं.

वाक्यं जोडणाऱ्या शब्दांसाठी मात्र उलटं केलं, तिथे मराठी मुद्दाम आणली. पर्याय झाकून दोन वाक्यं वाचायची आणि मध्ये मराठीत काय म्हटलं असतं ते बोलायचं, 'म्हणून', 'पण', 'शिवाय', 'उदाहरणार्थ', 'त्याआधी', आणि मग पर्याय उघडून त्या अर्थाचा शब्द शोधायचा. आधी ती पर्यायांतला जो शब्द भारी दिसेल तो घ्यायची, 'नेव्हरदलेस' आणि 'कन्सिक्वेंटली' तिचे लाडके. हे करायला तिला लाज वाटत होती, इंग्रजी पेपरात मराठी कशाला, पण संबंध ओळखायला जी भाषा पक्की आहे तीच वापरावी, त्यात कमीपणा कसला.

परीक्षेआधीच्या शेवटच्या दोन सराव पेपरांत व्याकरणाचे प्रश्न एकात सगळे बरोबर आले, दुसऱ्यात एक चुकला, आणि दोन्हींत तिने विचारल्यावर प्रत्येकाचं कारण सांगितलं. एकूण स्कोअर मात्र आईला वाटला होता तेवढा उडाला नाही, वाढला पण बेताचा, कारण आता अडथळा उताऱ्यांकडे सरकला होता. व्याकरण पक्कं झाल्यामुळे पहिलं मॉड्यूल चांगलं जायला लागलं, म्हणून दुसरं अवघड येऊ लागलं, आणि अवघड मॉड्यूलमधले शास्त्रीय उतारे, त्यातही तक्ता आणि गृहीतक असलेले, तिला दमवत होते. मुद्द्यांच्या यादीवरून वाक्य निवडायच्या प्रश्नांतही अधूनमधून घसरायची, कारण चारही वाक्यं व्याकरणाने बरोबर असतात आणि प्रश्नात सांगितलेलं उद्दिष्ट कुठलं पूर्ण करतं तेवढंच बघायचं असतं, पण हिचे डोळे आता सवयीने चुका शोधत फिरायचे. नव्या सवयीचा हा तोटा, त्यावर मी फक्त एवढंच सांगितलं की या प्रकारात उद्दिष्टाची ओळ आधी वाच आणि व्याकरण विसर.

सेमिकोलन आणि 'हाऊएव्हर' चा तो प्रश्न तिचा अजूनही कधी बरोबर येतो कधी नाही. तो किती वेळा येतो आणि त्यावर अजून किती वेळ घालवायचा याचा हिशोब करून आम्ही ठरवलं की तो सोडून द्यायचा, दिसला तर एकदा मागच्या वाक्याशी जोडून बघायचं, जमलं तर ठीक, नाहीतर एक पर्याय टिचकवून पुढे. पहिल्या प्रयत्नानंतर ती पुन्हा बसणार आहे, बरीच कॉलेजं वेगवेगळ्या तारखांमधले प्रत्येक विभागाचे चांगले मार्क धरतात त्यामुळे बसायला हरकत नाही, आणि या वेळी व्याकरणाला आठवड्यातून एकच दिवस ठेवलाय, बाकी सगळा वेळ तक्ते आणि उतारे. आईने परवा परत विचारलं, ताई, मग ते जाडं पुस्तक कुठलं घेऊ, मी म्हटलं घेऊ नका, रोज एखादा शास्त्रावरचा लेख वाचायला द्या.